शासनाच्या नावाने येणारी बनावट पत्रे

मैंदर्गीच्या शेतकऱ्यालाही आज ई-मेल येते. तिच्या वाटेने ठकही येतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या कुसुम सौरपंप योजनेच्या नावाने बनावट संकेतस्थळांनी नोंदणीशुल्क उकळले. केंद्रीय मंत्रालयास जाहीर इशारा द्यावा लागला.

पाठविणाऱ्याचे नाव कोणतेही लिहिता येते. म्हणून पत्त्याचा शेवट पाहावा. शासकीय पत्ता बहुधा ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ने संपतो. ही अक्षरे मध्येच येऊन शेवटी ‘डॉट कॉम’ असल्यास पत्र संशयास्पद समजावे. शेवट जुळला तरी पैसे वा ओटीपी मागितल्यास कृषी कार्यालयात खात्री करावी.

संशयास्पद पत्रातील दुवा उघडू नये. त्यावर ‘स्पॅम’ अशी खूण करावी, म्हणजे तशी पत्रे पुढे गाळली जातात. फसवणूक झाल्यास ग्रामसेवकांनी शेतकऱ्यास १९३० क्रमांकावर तत्काळ तक्रार करण्यास साहाय्य करावे. विलंब झाल्यास रक्कम हाती लागणे कठीण होते.