काटोलचे देशमुख, कॅस्टिलचे रोद्रिगेझ

जातपडताळणीसाठी काटोल किंवा नरखेडच्या तहसील कचेरीतून जुन्या कागदांच्या नकला ज्यांनी काढल्या असतील, त्यांना एक गोष्ट नक्की आठवत असेल. पानभर नोंदी असतात, पण आडनाव शोधावं लागतं. ‘बापू वल्द महादू, जात कुणबी, मौजा अमुक’, अशा थाटात नोंद सुरू होते आणि तिथंच संपते. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. बाई असेल तर ‘जौजे’, म्हणजे अमक्याची बायको. नवरा वारला असेल तर ‘बेवा’. कोतवाल बुकात जन्माची नोंद तर अनेकदा बाळाच्या नावाशिवायच असते. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख, बस. गावाचं तेवढ्यावर भागत होतं. महादूचा बापू कोणता, हे कोतवालाला ठाऊक होतं, पाटलाला ठाऊक होतं आणि शेजारच्या धुऱ्यावाल्यालाही. आडनाव असायचं, पण ते घरात आणि सोयरिकीच्या बैठकीत. सरकारी कागदावर ते सावकाश चढलं.

हाच ‘वल्द’ तिकडे स्पेनमध्ये आडनाव होऊन बसला आहे. गोन्सालेझ, रोद्रिगेझ, फर्नांदेझ, मार्तिनेझ, पेरेझ, सांचेझ ही तिथली अगदी गल्लोगल्ली सापडणारी आडनावं. त्यांच्या शेवटचा ‘एझ’ म्हणजे अमक्याचा मुलगा. गोन्सालोचा तो गोन्सालेझ, पेद्रोचा पेरेझ, सांचोचा सांचेझ. ही रीत पूर्वी कशी चालायची, हे पाहायला अकराव्या शतकातल्या ‘एल सिद’ या कॅस्टिलच्या गाजलेल्या वीराचं घराणं घ्यावं. आजोबांचं नाव लाइन. त्यांचा मुलगा दिएगो लाइनेझ. त्याचा मुलगा रोद्रिगो दिआझ, म्हणजे दिएगोचा. हाच तो एल सिद. आणि त्याचा मुलगा दिएगो रोद्रिगेझ, जो १०९७ साली कोन्सुएग्राच्या लढाईत मारला गेला. घराणं एक, पण दर पिढीला शेपूट नवं. हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही, आपलं मधलं नाव आजही असंच बदलतं. फरक पडला तो पुढे. मध्ययुग सरता सरता स्पेनमध्ये हे बदलणं थांबलं आणि जे शेपूट त्या वेळी लागलेलं होतं तेच वंशाला कायमचं चिकटलं. आजच्या रोद्रिगेझच्या बापाचं नाव रोद्रिगो असेलच असं नाही. कुण्या एका विसरलेल्या पूर्वजाचं ते होतं, एवढंच.

पोर्तुगीजांत हाच प्रत्यय ‘एस’ असा आहे, आणि तो आपल्या ओळखीचा आहे: फर्नांडिस, रॉड्रिग्ज, गोन्साल्विस. गोवा १५१० मध्ये आणि वसई १५३४ मध्ये त्यांच्या हाती गेली. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचं किंवा पाद्र्याचं आडनाव घेतलं गेलं, म्हणून फर्नांदो नावाचा एकही पूर्वज नसलेली फर्नांडिस घराणी कोकणपट्टीत झाली. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, राज्य गेलं, आडनावं राहिली. नागपुरात जरीपटक्याला फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची आडनावंही याच जातीची. त्यांच्यातला ‘आणी’ म्हणजे वंशज. जेठमलच्या वंशातले ते जेठमलानी.

मराठीने मात्र बापाला आडनावात कोंडलं नाही. त्याला मधली जागा दिली आणि आडनाव दुसऱ्याच कामांसाठी मोकळं ठेवलं. कोणत्या कामांसाठी, ते काटोलसारख्या तहसिलीत फार स्पष्ट दिसतं, कारण ही जागाच सरहद्दीची आहे. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी पांढुर्णा आणि छिंदवाडा, पश्चिमेला वर्धा नदी, नदीपलीकडे वऱ्हाड. देवगडच्या गोंड राजांचा हा मुलूख अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केला. पलीकडचं वऱ्हाड एक वर्ष आधी निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं होतं. इतक्या राजवटींचे हुद्दे इथल्या मतदार यादीत एकाखाली एक छापलेले सापडतात.

त्यातला पहिला हुद्दा अर्थातच देशमुख. परगण्याचा हा प्रमुख. वसूल गोळा करायचा, गावागावांतल्या पाटलांना धरून राहायचं, तंट्यात बसायचं, गरज पडली तर माणसं घेऊन उभं राहायचं. त्याच्या शेजारी हिशेब ठेवणारा देशपांडे. गावपातळीवर पाटील, आणि त्याच्या जोडीला पश्चिम महाराष्ट्रात ज्याला कुलकर्णी म्हणत तो नागपूर प्रांतात पांड्या. आपल्याकडच्या पांडे आडनावाचा एक धागा तिथं जातो. चौधरी म्हणजे पेठेतल्या किंवा समाजातल्या लोकांचा मुखिया. राऊत हा शब्द ‘राजपुत्र’वरून घडत आला आणि घोडेस्वार शिपायाला लागला. स्पेनमध्ये याला समांतर मेरिनो आहे: राजाच्या वतीने मुलखाचा कारभार आणि न्याय पाहणारा अधिकारी. योद्धा या अर्थाचं गेरेरो आहे, लोहार या अर्थाचं एरेरोही आहे.

वतन गेलं की हुद्दा संपतो, आडनाव संपत नाही. इंग्रजांनी मध्य प्रांतात मालगुजारी आणली, १९५१ मध्ये तीही गेली. पण काटोलने १९९५ पासून २०१९ पर्यंतच्या प्रत्येक विधानसभा निवडणुकीत जो आमदार निवडला तो देशमुखच होता. १९९५ पासून सलग चार वेळा अनिल देशमुख, २०१४ मध्ये त्यांना हरवणारे त्यांचे पुतणे आशिष देशमुख, २०१९ मध्ये पुन्हा अनिल देशमुख. २०२४ मध्ये निवडून आले ते चरणसिंग ठाकूर, आणि ठाकूर हीही मुळात मानाची पदवीच. त्याआधी १९८० मध्ये अवघ्या पंचविशीत निवडून आलेल्या डॉ. श्रीकांत जिचकारांमुळे ‘जिचकार’ हे इथल्या मातीतलं आडनाव महाराष्ट्राला ठाऊक झालं.

एल सिदच्या नावाचं एक टोक राहिलं. त्याचं पूर्ण नाव रोद्रिगो दिआझ दे विवार. विवार हे त्याचं गाव, म्हणजे आपल्या रीतीने तो विवारकर. गावाच्या नावाची आडनावं काटोलकडे दोन तऱ्हांनी होतात. एक सगळ्या महाराष्ट्राची ‘कर’ची: काटोलकर, नरखेडकर, उमरेडकर. दुसरी खास विदर्भाच्या सवयीची, गावाच्या नावाला नुसता ‘ए’ लावायचा: नागपुरे, रामटेके, नगरधने, वानखेडे. पुण्या-मुंबईत या दुसऱ्या तऱ्हेचं आडनाव सांगितलं, की समोरचा ‘विदर्भातले का?’ असं विचारतो, ते उगीच नाही. आणखी पूर्वेला चंद्रपूर-गडचिरोलीकडे सरकलं की तिसरी तऱ्हा लागते. मुनगंटीवार, वडेट्टीवार यांतला ‘वार’ तेलुगूतल्या आदरार्थी ‘वारु’मधून आला आहे.

गावाच्या नावाच्या आडनावात एक मोठी गंमत दडलेली असते. काटोलात राहणाऱ्याला काटोलकर म्हणण्याचं कुणाला काय कारण? सगळेच काटोलचे. माणूस काटोल सोडून दुसरीकडे बिऱ्हाड करतो तेव्हा तिथले लोक त्याला काटोलकर म्हणतात. म्हणजे गावाचं आडनाव हा गाव सोडल्याचा पुरावा आहे. रामटेके रामटेकबाहेर घडले, नागपुरे नागपूरबाहेर. स्पेनमध्ये नावारो म्हणजे नावारचा, गायेगो म्हणजे गालिसियाचा, तोलेदानो म्हणजे तोलेदोचा. ही आडनावंही ते प्रांत आणि शहरं सोडून गेलेल्यांनाच पडली. ज्या घरात आडनावाखेरीज स्थलांतराची दुसरी काही आठवण उरलेली नाही, तिथं हा एक शब्द फार मोलाचा आहे.

या सगळ्यांहून जुना थर गोंडांचा. त्यांच्यात कुळाची मांडणी देवांच्या संख्येवर असते: चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे. सारख्या संख्येच्या कुळांत लग्न होत नाही, कारण ते भाऊभाऊ. टेकाम म्हणजे सागाचं कूळ, मरकाम आंब्याचं, इरपाची मोहाचं. एकेका कुळाने जंगलातलं एकेक झाड आपलं मानलेलं. आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली चार खंडांत मध्य प्रांतातल्या जातीजमातींचा मोठा ग्रंथ काढला, त्यात अशी कुळं पानंच्या पानं नोंदवलेली आहेत. कुणब्यांच्या आणि मराठ्यांच्या लग्नात देवक बसवतात तेव्हा पानाफांद्यांना जो मान असतो, तो याच जुन्या समजुतीचा सख्खा भाऊ आहे असं मला वाटतं.

मेश्राम हे आडनाव इथं थांबून पाहण्यासारखं आहे. आदिलाबादजवळ केसलापूरला नागोबाची प्रसिद्ध जत्रा भरते, तिचे मानकरी मेश्राम कुळाचे गोंड. आणि नागपूर जिल्ह्यातल्या बौद्ध वस्त्यांत गेलं तर मेश्राम घरोघरी. देशमुख ब्राह्मणांत आहेत, मराठा-कुणब्यांत आहेत, मुसलमानांतही आहेत. चौधरी आणि राऊत किती समाजांत आहेत, ते मोजतच बसावं. आडनाव ऐकून जात ओळखल्याचा दावा करणारे आपल्याकडे पुष्कळ. काटोलची मतदार यादी त्यांना जागोजागी खोटं पाडते. आडनाव काम सांगतं, गाव सांगतं, कुळाचं झाड सांगतं. जात सांगण्यासाठी ते घडलेलं नव्हतं.

आणि मग शेजाऱ्यांनी ठेवलेली नावं. वाघमारे, घोडमारे, टकले, बोबडे, पोटदुखे. शाळेत हजेरीला या आडनावांवर हसू फुटतं, आणि काही घरं राजपत्रात जाहिरात देऊन ती बदलूनही टाकतात. त्यांनी तसं करू नये, असं मनापासून वाटतं. चंद्रपूरचे शांताराम पोटदुखे याच आडनावाने लोकसभेत निवडून गेले आणि केंद्रात अर्थ राज्यमंत्री झाले. शरद बोबडे नागपुरातून जाऊन देशाचे सरन्यायाधीश झाले. स्पेनमध्ये टकल्याला काल्वो आहे, सावळ्याला मोरेनो आहे, आणि सोळाव्या शतकात उत्तर अमेरिका पायी तुडवणाऱ्या आल्वार नून्येझच्या आडनावाचा, काबेसा दे वाकाचा, सरळ अर्थ ‘गाईचं डोकं’. लोपेझच्या मुळाशी लॅटिनमधला लांडगा आहे, गोव्यातल्या लोबोचा अर्थही लांडगाच, आणि आपले लांडगे तर आहेतच. ही नावं कुणा अधिकाऱ्याने बसून वाटलेली नाहीत. तसं फिलिपिन्समध्ये झालं: १८४९ मध्ये गव्हर्नर क्लावेरियाने आडनावांची छापील यादी काढली आणि लोकांना त्यातून आडनावं घ्यायला लावली. आपल्याकडे यादी नव्हती. रोज तोंड पाहणाऱ्यांनी जे पाहिलं, ते नाव झालं.

स्पेनची एक रीत मात्र मन लावून पाहावी अशी आहे. तिथं प्रत्येकाला दोन आडनावं असतात, आधी बापाचं, मग आईचं. १९९९ पासून क्रम उलटाही ठेवता येतो. बाई लग्नानंतर आडनाव बदलत नाही. गार्सिया तिथं सर्वांत जास्त लोकांचं आडनाव, म्हणून कवी फेदेरिको गार्सिया लोर्का जगाला आईकडच्या ‘लोर्का’ने ठाऊक आहे. चित्रकार पाब्लो रुइझ पिकासोचं ‘पिकासो’ही आईकडचं.

आपल्याकडे ही जाण नव्हती असं नाही. सोयरिकीला बसल्यावर अजूनही पहिले दोन प्रश्न ‘कूळ कोणतं?’ आणि ‘मामेकूळ कोणतं?’ हेच असतात. आजोळच्या कुळाशिवाय बोलणी पुढं सरकत नाहीत. फक्त ते मामेकूळ कागदावर कधी उतरलं नाही. म्हणून वंशावळ काढायला बसलेल्या माणसाला बापाकडच्या पाच-सहा पिढ्या सापडतात, आणि पणजीचं माहेर कोणतं, हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्यांच्या नोंदीत बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि मग आडनाव असा क्रम आणला, ते चांगलं झालं. पण त्यात आईचं फक्त नाव येतं, तिचं कूळ येत नाही.

तेवढं काम घरच्या घरी करता येण्यासारखं आहे. काटोल, कोंढाळी, नरखेड, जलालखेडा, मोवाडकडे ज्यांच्या घरात ऐंशीच्या पुढच्या आज्या आहेत, त्यांनी या दिवाळीत एक वही घेऊन बसावं. आजीचं माहेरचं आडनाव, तिच्या आईचं माहेरचं आडनाव, दोघींची गावं, देवक आणि कुलदैवत लिहून घ्यावं. कोतवाल बुकात ही माहिती मिळणार नाही.