जिभेला आठवणारे देश

हेन्री किसिंजर १०० वर्षं जगले. त्यातली ८५ अमेरिकेत गेली, त्या देशाचे ते परराष्ट्रमंत्री झाले, पण बोलू लागले की जर्मनीतलं त्यांचं फ्युर्थ शहर शेवटपर्यंत ऐकू यायचं. धाकटा भाऊ वॉल्टर त्यांच्याहून वर्षभरानंच लहान. नाझींच्या तावडीतून निसटून १९३८ साली हे कुटुंब न्यूयॉर्कला पोचलं तेव्हा हेन्री १५ वर्षांचे, वॉल्टर १४ वर्षांचा. घर एक, आईवडील एक, शहर एक. तरीही वॉल्टरचं इंग्रजी थेट अमेरिकी झालं!

असं का व्हावं, हे शोधायला पाळण्यापर्यंत मागे जावं लागतं. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. आवाज बदलल्यावर बाळानं मान वळवली की त्याला हलणारं खेळणं दिसायचं. 'त' म्हणताना आपली जीभ दातांना लागते, 'ट' म्हणताना मागे वळून टाळूला. इंग्रजीत ती या दोहोंच्या मधे, वरच्या दातांमागच्या हिरडीला टेकते. त्यामुळे मोठ्या इंग्रजी भाषिकांना आपलं ताक आणि टाक जवळजवळ सारखंच ऐकू येतं. पण ६ ते ८ महिन्यांची बाळं हा फरक सहज पकडत होती! ज्यांच्या मांडीवर ती बसली होती, त्यांना न जमणारी गोष्ट. १० ते १२ महिन्यांच्या बाळांपैकी बहुतेकांना मात्र तो ओळखता येईना. १९८४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

कान बिघडत नाही. घरात ज्या फरकानं काही अडत नाही, त्याकडे मेंदू लक्ष देणं सोडतो. पुढे नवी भाषा आली की तिचे आवाज तो जुन्या खणांत बसवू पाहतो, आणि जीभही तिथेच जाते. वय वाढतं तसे हे खण पक्के होतात; पण कुठल्याही वाढदिवसाला दार बंद होत नाही. नाहीतर वॉल्टरला १४ व्या वर्षी आत शिरता आलं नसतं.

वयाइतकीच सोबतही महत्त्वाची. मुलं आईवडिलांसारखी नव्हे, सवंगड्यांसारखी बोलू लागतात. लंडनमध्ये वाढणाऱ्या मराठी मुलाचं इंग्रजी बाबांच्या वळणाचं राहत नाही, हे कितीतरी घरांनी अनुभवलं आहे. मला वाटतं, ज्यांच्यात खेळायचं त्यांच्यातलंच एक होण्याची ओढ इथे काम करते.

आणि ही सोबतच मधे बदलली तर? अभिनेत्री जिलियन अँडरसनचा जन्म शिकागोचा, बालपण लंडनचं. ११ व्या वर्षी ती मिशिगनला आली. आज ब्रिटिश माणसांत ती ब्रिटिश बोलते, अमेरिकी माणसांत अमेरिकी. हे सोंग नव्हे. दोन्ही ढबी तिच्याच आहेत, आणि कोणती बाहेर यायची हे समोरच्या माणसावर ठरतं. व्हिगो मॉर्टेन्सनचं बालपण अर्जेंटिनात गेलं, म्हणून या अमेरिकी नटाच्या स्पॅनिशला आजही तिथलाच हेल आहे.

मला सर्वात थक्क करणारी गोष्ट याहूनही पुढची. चीनमधून वर्षभराची असताना दत्तक आलेली काही मुलं मॉन्ट्रियलमध्ये निव्वळ फ्रेंचमध्ये वाढली. चिनी त्यांना एक अक्षर समजत नव्हती. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांना चिनी स्वरांचे चढउतार ऐकवले, तेव्हा त्यांचा मेंदू चिनी बोलणाऱ्या मुलांसारखाच प्रतिसाद देत होता!

असा दडलेला ठेवा जिभेवरही येऊ शकतो. लहानपणी नुसती स्पॅनिश कानावर पडलेल्या, पण ती न बोललेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांचा अभ्यास टेरी आऊ आणि सहकाऱ्यांनी २००२ साली मांडला. कॉलेजात ही मुलं स्पॅनिश शिकू लागली, तेव्हा त्यांचे उच्चार वर्गातल्या इतर नवशिक्यांपेक्षा स्पष्टपणे अस्सल निघाले. न्यू जर्सीत आजीचा 'ळ' ऐकत, पण इंग्रजीतच उत्तर देत वाढणाऱ्या नातवंडांबद्दल मला यामुळे फार आशा वाटते. त्या विद्यार्थ्यांना व्याकरण मात्र इतरांसारखंच पहिल्यापासून शिकावं लागलं.