रात्री न झोपणारी मुले आणि उपचारकांचे शिक्षण

मलकापूर-बुलढाणा रस्त्यावरचा मोताळा हा कापूस-सोयाबीनचा तालुका. शेतकरी-आत्महत्यांच्या बातम्यांत पश्चिम विदर्भातील ज्या जिल्ह्यांची नावे वर्षानुवर्षे येत आली आहेत, त्यांत बुलढाण्याचे नाव आहे. अशी घटना घडली की पंचनामा होतो. नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा यांची छाननी होऊन प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे समिती ठरवते. पात्र कुटुंबास एक लाख रुपयांचे साहाय्य मिळते. त्यातले तीस हजार हाती, उरलेले सत्तर हजार ठेवीत. हा विचार अगदीच अपुरा असला तरी निदान झालेला आहे. मात्र त्या घरातील नऊ-दहा वर्षांचे मूल त्या दिवसापासून रात्री झोपते की नाही, हे विचारणारा रकाना कोणत्याच कागदावर नाही.

दुःख म्हणजे रोग नव्हे, हे आधी सांगितले पाहिजे. बहुतेक मुले आजी, मावशी, शाळा आणि काळ यांच्या आधाराने सावरतात. परंतु काहींच्या मनात ते दृश्य जसेच्या तसे अडकून बसते. दाराचा आवाज झाला की ती दचकतात, शेताच्या वाटेने जायचे टाळतात, वर्गात बसूनही वर्गात नसतात. शिक्षक त्यांना ‘लक्ष नसलेली’ म्हणतात. अशा अडकलेल्या आठवणींसाठी अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शपिरो यांनी १९८७ मध्ये एका उपचारपद्धतीचा आरंभ केला. ‘आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रिप्रोसेसिंग’ असे तिचे लांबलचक नाव असून व्यवहारात तिला ई.एम.डी.आर. म्हणतात. रुग्ण ती आठवण मनात धरतो आणि त्याच वेळी उपचारकाच्या हलत्या बोटांमागे नजर डावी-उजवीकडे फिरवतो. हळूहळू आठवणीची धार बोथट होते.

वर्णन ऐकून हा जादूटोण्याचा प्रकार वाटेल, आणि संशय शास्त्रज्ञांनीही घेतला. गुण डोळ्यांच्या हालचालीचा की आठवणीला धीराने सामोरे जाण्याचा, हा वाद अद्याप मिटलेला नाही. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत आघातोत्तर विकारासाठी मोठ्यांप्रमाणेच मुलांकरिताही तिची शिफारस केली.

मुलांच्या बाबतीत तिचे रूप पालटते. लहान मूल बोटामागे नजर फार वेळ फिरवीत नाही. तेव्हा हातांवर आळीपाळीने हलकेच थोपटतात, चित्र काढायला देतात, आईला शेजारी बसवतात. १९९७ च्या वादळानंतर मेक्सिकोतील अकापुल्को येथे मुलांवर उपचार करताना लुसिना आर्तिगास यांना एक सोपी रीत सुचली: छातीवर हात आडवे-तिरपे ठेवून स्वतःच आळीपाळीने थोपटायचे. तिला ‘फुलपाखराची मिठी’ म्हणतात. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर गुजरातेत परदेशी प्रशिक्षक आले व भारतीय उपचारक तयार होऊ लागले. मुंबईच्या सुषमा मेहरोत्रा यांनी या पद्धतीच्या भारतातील प्रसारात पुढाकार घेतला.

सोपेपणातच धोका आहे. मिठी कुणालाही दाखवता येते, पण उघडलेली जखम बंद करणे सर्वांना येत नाही. म्हणूनच ही पद्धत मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ यांसारख्या मानसोपचाराचे मूळ शिक्षण घेतलेल्यांनाच शिकवतात. व्याख्याने, एकमेकांवर केलेला सराव आणि नंतर प्रत्यक्ष रुग्णांविषयी अनुभवी उपचारकाशी सल्लामसलत, असा तिचा क्रम आहे. शेवटचा टप्पा गाळून प्रमाणपत्र भिंतीवर टांगणे म्हणजे दोन दिवसांच्या शिबिराचा फोटो तेवढा पदरात पाडून घेणे होय.

आपल्या देशात लाख लोकसंख्येमागे एकही मनोविकारतज्ज्ञ भरत नाही. जे आहेत ते बहुतांशी शहरांत, आणि हे शिक्षणही बहुधा तिथेच व इंग्रजीत. उपचारात मुलाला विचारतात, ‘शून्यापासून दहापर्यंत मोजले तर आता किती त्रास होतो?’ वऱ्हाडातले मूल आकडा सांगत नाही. ते ‘मले भेव लागते’ एवढेच म्हणते. त्या वाक्यातून त्रासाची पातळी ओळखणारा उपचारक इंग्रजी पुस्तकातून घडणार नाही.

शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी शासनाने २०१५ मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. दूरध्वनीवरून सल्ला देणारी ‘टेली-मानस’ सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे. या सोयी उपयुक्त खऱ्या, पण दहा वर्षांचे मूल स्वतः होऊन फोन फिरवीत नाही. त्याला प्रथम पाहतात ते शिक्षक आणि आशा सेविका. त्यांना उपचारक बनवण्याचा अट्टहास नको. कोणते मूल पुढे पाठवायचे, एवढी ओळख त्यांना मराठीतून द्यावी. उपचाराचे शिक्षण मात्र जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार कर्मचाऱ्यांना द्यावे. त्यासाठी पगारी रजा आणि पुढील वर्षभराच्या सल्लामसलतीचा खर्च शासनाने सोसावा. असा शिकलेला एक माणूस आठवड्यातून ठरावीक वारी मोताळ्याला आला पाहिजे. तो वार बाजाराचा असावा. त्या दिवशी आईला गावाहून यायला वाहन मिळते, आणि दवाखान्यात का गेलीस असे कुणी विचारत नाही.