हातमागावरचे चित्रकार

मुंबईत ऑपेरा हाऊसजवळ, मामा परमानंद मार्गावर केंद्र सरकारचं एक कार्यालय आहे, विणकर सेवा केंद्र. नाव इतकं रुक्ष, की स्वातंत्र्योत्तर चित्रकलेतले बंडखोर या खात्यात पगारी नोकर होते, यावर चटकन विश्वास बसत नाही. पण के. जी. सुब्रमण्यन, अंबादास, जेराम पटेल, प्रभाकर बरवे यांनी हातमागाच्या या सरकारी खात्यात खरोखरच नोकरी केली.

ही हातमागाच्या कैवारी पुपुल जयकर यांची दूरदृष्टी. गिरणीच्या स्वस्त कापडापुढे हातमाग तगायचा, तर जुन्या नक्ष्या गिरवून भागणार नव्हतं. म्हणून १९५०च्या दशकात चित्रकाराला विणकराशेजारी आणून बसवलं गेलं.

चित्रकाराची मोकळी रेषा मागावर जशीच्या तशी चढत नाही. आधी ती आलेखाच्या कागदावर चौकोनांत मोडावी लागते. एकेक चौकोन म्हणजे ताण्याबाण्याची, उभ्या-आडव्या धाग्यांची, एकेक भेट. वळणाला पायऱ्या पडतात. कुठली लपवायची आणि कुठली मिरवायची, यात विणकराचा शब्द मोठा!

बरवे १९३६ साली नागावला, आजच्या रायगड जिल्ह्यात जन्मले. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेतून बाहेर पडल्यावर १९६१ ते १९८२ ते याच खात्यात होते. सुरुवातीची वर्षं बनारसला गेली आणि तिथेच त्यांना तंत्रसाधनेतल्या चित्रकलेची ओढ लागली. पुढच्या चित्रांत त्यांच्या वस्तू रिकाम्या अवकाशात सुट्या सुट्या तरंगतात. त्या पाहताना साडीवरच्या बुट्ट्या आठवतात खऱ्या, पण ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक लिहिणाऱ्या माणसाला इतक्या सोप्या हिशेबात बसवू नये.

वस्त्रकलावंत मोनिका कोरिया मुंबईच्या याच केंद्रात विणायला शिकल्या. मागाची फणी उभे धागे ओळीत धरून ठेवते. कोरियांनी ती मध्येच काढता येईल अशी सोय केली. मग धागे भरकटले, आणि कापड पडदा किंवा चादर न राहता भिंतीवरचं चित्र झालं. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानेही ते दाखवलं.

सरकारने २०२० साली अखिल भारतीय हातमाग मंडळ बरखास्त केलं, विणकर सेवा केंद्रं मात्र उरली. चित्रकार आणि कारागिरांची जोडी आता खासगी कारखान्यांतही दिसते. जानेवारी २०२२मध्ये पॅरिसला दिओरच्या फॅशन शोमध्ये भिंतीभर भरतकाम होतं. ते मुंबईच्या चाणक्य कलाशाळेतल्या कारागिरांनी माधवी आणि मनू पारेख यांच्या चित्रांवरून केलं होतं. हे मनू पारेखही एकेकाळी विणकर सेवा केंद्राचेच नोकर.