वर्षं नव्हे, फरक सांगा

कारखान्यात २० वर्षं काढलेला माणूस सल्लागार कंपनीकडे अर्ज करताना पदांची जंत्री देतो. तिथेच गाडी अडते. ‘उत्पादनप्रमुख होतो’ यापेक्षा ‘साचा बदलायला दोन तास लागत, ते ५० मिनिटांवर आणले, ते असे’ हे लिहा. अडचण, तुमचा निर्णय, परिणाम, एवढं पुरे. जुन्या मालकाची गुपितं मात्र फोडू नका; रुपयांऐवजी टक्के द्या.

मॅकिन्सी, बीसीजीसारख्या कंपन्या मुलाखतीत एखाद्या धंद्याचं कोडं घालतात. उत्तराइतकीच विचाराची रीत पाहतात. म्हणून मोठ्यानं विचार करण्याचा सराव हवा. समोरचा परीक्षक कदाचित तुमच्याहून बराच लहान असेल. त्याच्याकडे पिकल्या केसांचा मान मागू नका; त्याचा प्रश्न नीट ऐका. अनुभव तिथंच दिसतो.