छपरावरचा बर्फ, गडावरचे धोंडे

नाशिक जिल्ह्यात छप्पर उतरते ठेवतात ते पावसासाठी. इगतपुरीत पागोळ्या गळतात, पन्हळ भरून वाहते, आणि तेवढ्यावर निभावते. बर्फाळ प्रदेशात मात्र उतरत्या छपराखालून जायचीच धास्ती असते. घरातल्या उबेने किंवा उन्हाने बर्फाचा थर तळाशी वितळू लागतो, पत्रा निसरडा होतो आणि अख्खा थर एकदम सुटतो. १०० चौरस मीटर छपरावर फूटभर बर्फ साठला आणि घनमीटरचे वजन २०० किलो धरले, तरी भार ६ टन होतो. म्हणून आल्प्समध्ये वळचणीजवळ आडवे ओंडके बांधत. आता धातूच्या नळ्या किंवा ओळीने आकडे बसवतात. बर्फ वरच थोपतो, हळूहळू वितळतो आणि पाणी होऊन उतरतो. अर्थात, तेवढा भार पेलणारे छप्परही हवे.

कळवण तालुक्यातल्या सप्तशृंगगडावर बर्फ नाही, पण उतार आहे आणि सुटणारे ओझेही.

देवीचे मंदिर उभ्या कड्याला बिलगून आहे. हा कातळ बेसॉल्टचा. थरांवर थर, त्यात उभ्या-आडव्या भेगा. पावसाचे पाणी भेगांत शिरते, ठिसूळ थर झिजतो, वरचा धोंडा निराधार होतो. एक टनाचा धोंडा १०० मीटर सरळ कोसळला, तर खाली पोहोचेपर्यंत त्याचा वेग ताशी १६० किलोमीटरच्या घरात जातो. खाली चैत्रात आणि नवरात्रात भाविकांची रीघ असते. २०१८पासून फ्युनिक्युलर ट्रॉलीने येणारेही त्यात आले.

म्हणून गडावर पोलादी जाळ्या आल्या. काही जाळ्या कड्यावर अंथरतात, तिथे सुटलेला दगड उसळत नाही, जाळीआडून घरंगळत पायथ्याशी येतो. दुसऱ्या खांबांवर ताणलेल्या असतात. त्या भिंतीसारख्या ताठ राहत नाहीत, मुद्दाम झोल खातात. तारदोरांना जोडलेले ब्रेक ताणले जातात आणि धोंड्याचा जोर त्यात जिरतो.

छपरावरच्या आकड्यांना मात्र एक सवलत आहे, जी गडाला नाही: अडवलेला बर्फ ऊन आपणहून संपवते. जाळीतला धोंडा कोणीतरी वर चढून काढावा लागतो, ताणलेले ब्रेक बदलावे लागतात. भरलेली जाळी पुढच्या दगडाला पुरेशी जागाच देत नाही. त्यामुळे जाळ्या बसवण्याच्या खर्चाबरोबर त्या दर पावसाळ्याआधी तपासण्याचा आणि रिकाम्या करण्याचा खर्चही अंदाजपत्रकात धरायलाच हवा.