साडेसदतीस डॉलरचं पिस्तूल आणि त्याच्या खोड्या

सुटं करायला पाच मिनिटं, जोडायला अख्खा रविवार. अमेरिकेत रूगर कंपनीचं पॉइंट टू-टू पिस्तूल पहिल्यांदा साफ करायला बसलेल्या बहुतेकांची गत अशीच व्हायची. पण ते ज्याला जोडता आलं, तो तिथेच थांबत नसे. १९४९ ते २०१६ या ६७ वर्षांत या पिस्तुलाने हजारो साध्या नेमबाजांना घरबसल्या कारागीर केलं. त्याचं श्रेय पिस्तुलाच्या गुणांइतकंच त्याच्या खोड्यांनाही द्यावं लागतं.

गोष्ट सुरू होते एका गॅरेजमध्ये. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या एका अमेरिकन मरीनकडून बिल रूगर यांनी जपानी बनावटीचं नांबू पिस्तूल विकत घेतलं आणि घरीच त्याच्या नकला करून पाहिल्या. पुढे अलेक्झांडर स्टर्म यांनी ५०,००० डॉलर घातले, कनेक्टिकट राज्यातल्या साउथपोर्टला कारखाना निघाला आणि १९४९ मध्ये पहिलं पिस्तूल बाजारात आलं. किंमत साडेसदतीस डॉलर. एवढं स्वस्त का पडलं, हे मुठीत दिसतं. अखंड पोलादातून कोरण्याऐवजी पत्र्याचे दोन अर्धे भाग साच्यात दाबायचे आणि दोन वाट्या तोंडाला तोंड लावून जोडाव्यात तसे वेल्ड करायचे. १९५१ मध्ये स्टर्म ऐन तिशीच्या आत वारले. मुठीवरच्या गरुडाचं चिन्ह त्यांनीच काढलेलं. त्यांच्या स्मरणार्थ त्याचा लाल रंग काळा झाला. आजही जुन्या पिस्तुलाचा काळ ओळखताना शौकीन आधी गरुडाचा रंग बघतात.

१९५१ मध्येच लांब नळीचं आणि नेम धरायची मागची माशी इकडेतिकडे सरकवता येणारं ‘टार्गेट’ मॉडेल आलं आणि हा छंद खऱ्या अर्थाने सुरू झाला. अमेरिकेत ‘बुल्सआय’ नावाची स्पर्धा आहे. एका हाताने, २५ आणि ५० यार्डांवरून, तीन प्रकारच्या पिस्तुलांनी मिळून २७० गोळ्या झाडायच्या. एकूण गुण २७००. त्यांतल्या ९० गोळ्या .२२ च्या. इथे एक मेख आहे. मोठ्या पिस्तुलाची काडतुसं नेमबाज घरी भरतो आणि दारू तोलूनमापून आपल्याला हवी तशी करतो. .२२ चं स्फोटक मात्र काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेलं असतं आणि टोला बसला की ती कड चेपते, म्हणून रिकामं काडतूस पुन्हा भरण्यासारखं उरत नाही. गोळीशी खेळता येईना, तेव्हा सगळी खटपट पिस्तुलावर आली.

ही खटपट खोडीपासूनच सुरू व्हायची. मुठीच्या पाठीतला खटका सोडवायचा, वरची खीळ काढायची, नळीसकट वरचा भाग रबरी हातोडीने ठोकून मोकळा करायचा. इथवर ठीक. परत बसवताना मात्र पिस्तुलाच्या आतल्या हातोड्याची छोटी दांडी मेनस्प्रिंगच्या खोबणीतच पडायला हवी. त्यासाठी पिस्तूल कधी उताणं, कधी तिरपं धरायचं. दांडी चुकली की सगळं अडकलं. फायरिंग पिनला अडवणारी एक बारीक आडवी खीळही आत असते. ती राहून गेली आणि रिकामं पिस्तूल चालवलं, की टोल्याने चेंबरच्या काठाला खड्डा पडतो. अशा चुका करतकरतच माणसाला आतला प्रत्येक भाग तोंडपाठ होई, आणि तोंडपाठ झालेली वस्तू बदलून बघायचा मोह कुणाला आवरतो?

मग अक्रोडाच्या लाकडाच्या, अंगठ्याला टेकू असलेल्या मुठी आल्या. जाड, जड नळ्या आल्या, कारण पुढे वजन असलं की हात कमी डोलतो. माशीच्या जागी लाल ठिपका दाखवणारी दुर्बीण आली. ट्रिगर मऊ करण्याचे भाग आले. मात्र बुल्सआयच्या नियमाने .२२ चा ट्रिगर दोन पौंडांहून हलका चालत नाही. आयोवातल्या कॅरोल गावचं व्होल्क्वार्टसन हे नाव या सुट्या भागांच्या धंद्यात ठळक झालं. पुढेपुढे मूळ पिस्तुलापेक्षा त्यावर चढवलेल्या भागांचा खर्च जास्त, हा प्रकार नवलाचा राहिला नाही.

कंपनीही मूळ पिस्तूल बदलत होती. १९८२ चं ‘मार्क टू’ लोकांनी आनंदाने स्वीकारलं: मॅगझिनमध्ये नऊऐवजी दहा गोळ्या, आणि शेवटची सुटली की बोल्ट आपोआप मागे थांबायचा. २००४ च्या अखेरीच्या ‘मार्क थ्री’वर मात्र कुरकुर झाली. सुरक्षेसाठी वाढवलेल्या भागांमुळे जोडणी आणखी किचकट झाली होती.

आणि २०१६ मध्ये ‘मार्क फोर’ आलं. मागचं एक बटण दाबलं की वरचा भाग बिजागरीवर उचलला जातो. हातोडी नको, खीळ नको, रविवार नको. पुढच्याच वर्षी, सेफ्टीचा खटका अर्धवट जागी राहिल्यास गोळी सुटू शकते असं आढळल्याने कंपनीने ती पिस्तुलं दुरुस्तीसाठी परत मागवली. जोडणीची जुनी खोडी मात्र कायमची संपली. छंदही बदलला. आधी माणूस अडचणीतून आत शिरायचा. आता तो हौसेने वरून सजवतो.

आपल्याकडे हा छंद अशा रूपात रुजणं शक्यच नव्हतं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार शस्त्राची दुरुस्ती किंवा रूपांतर करायलाही परवाना लागतो. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं, तोही .२२ चाच. तिथे पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसावं लागतं, वजन १४०० ग्रॅमच्या आत आणि ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा. या चौकटीत नेमबाजाच्या हाती मुख्यतः उरते ती मूठ: कुठे कानशीने खरवडायची, कुठे लुकण भरायचं, पुन्हा हातात धरून बघायची.

साउथपोर्टच्या पत्र्याच्या मुठीपासून इथवर तेवढं एकच काम कुठल्याही बटणाने सुटलेलं नाही. कारखान्याला पिस्तुलाच्या सगळ्या खोड्या काढता येतात. समोरच्याचा पंजा किती रुंद, करंगळी कुठे टेकते, हे मात्र त्याला कळत नाही.